अतारांकित प्रश्न आणि आमच्या घरचा पाळणा

माझं लेखन सरकारी छापखान्यात छापलं गेलेलं आहे, ही गोष्ट मी आयुष्यात बऱ्याच जणांना सांगितली. त्या लेखनाखाली माझं नाव नव्हतं आणि त्यातला एकही शब्द मला स्वतःला आवडला नव्हता, हे मात्र सहसा सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी वाशीच्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो. वय सत्तावीस, लग्नाला दोन वर्षं झालेली, घरात पाच महिन्यांची मुलगी. वाशीला तेव्हा तहसील नव्हतं. मोठं काम निघालं की एसटीनं उस्मानाबाद गाठावं लागे. जुनी माणसं धाराशिवच म्हणायची. गावात कविता करणारा मी एकटाच होतो, त्यामुळं गावातला सर्वांत चांगला कवीही मीच होतो. स्नेहसंमेलनाची पत्रिका, बदलून जाणाऱ्या फौजदाराचं मानपत्र, लग्नातल्या मंगलाष्टका, सगळं माझ्याच लेखणीतून उतरायचं. एवढ्या भांडवलावर मी शाळेच्या आवारात जरा मान वर करून चालत असे.

आमचे आमदार विरोधी पक्षाचे होते. पन्नाशी ओलांडलेला, धोतर नेसणारा, कमी बोलणारा माणूस. खरेदी-विक्री संघाच्या गोदामाच्या माडीवर त्यांची एक खोली होती. जिना चढताना पेंडीचा वास यायचा आणि बसायला सरकीचं पोतं मिळायचं. एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांना लिहिणारा माणूस हवा होता. स्वतःचं अक्षर विधानमंडळातल्या कारकुनांना लागत नाही, असं त्यांनीच सांगितलं. मागच्या अधिवेशनात त्यांनी 'तलाव' लिहिलं होतं, तिकडं ते 'तलाठी' वाचलं गेलं, आणि सरकारनं तलाठ्यांच्या रिकाम्या जागांची सविस्तर माहिती दिली.

मग त्यांनी मला लेखी प्रश्न म्हणजे काय ते समजावलं. सभागृहात बोलायला मिळेल याचा भरवसा नसतो. गोंधळ होतो, वेळ संपतो, माईक दुसऱ्याकडं जातो. पण आमदारानं लेखी प्रश्न दिला आणि तो दाखल झाला की सरकारला उत्तर द्यावं लागतं. ते मंत्र्याच्या नावानं छापलं जातं, आणि छापलेलं कुणाला मागं घेता येत नाही. दुष्काळी कामांवर सरकारचा पैसा पाण्यासारखा चालला होता असं म्हणावं तर पाण्याचीच पंचाईत होती. पण चालला होता खरा, आणि तो कुठं जातो हे विचारायचा आमदारांपाशी हाच एक हुकमी रस्ता होता. मंत्री उभं राहून ज्याचं उत्तर देतात तो तारांकित प्रश्न. ज्याच्या उत्तराचा नुसता कागद येतो तो अतारांकित. हे त्यांनी नीट सांगितलं होतं. मी त्यातलं 'तारा' एवढंच ऐकलं. चांगल्या निबंधावर मास्तर तारा काढतात, तसंच काहीतरी असणार अशी माझी समजूत झाली.

दोन दिवस खपून मी प्रश्न तयार केला. तो मला अजून पाठ आहे. 'ज्या मायभूमीच्या कुशीत मोत्यांची कणसं डुलत होती, त्याच वाशी परिसरातील पाझर तलावाच्या कामावर, उन्हातान्हात घाम गाळणाऱ्या अभागी जिवांच्या तोंडचा घास हिरावून प्रचंड भ्रष्टाचार होत आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाचे हृदय द्रवले आहे काय? नसल्यास, न द्रवण्याची कारणे काय आहेत?' वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं मी स्वतःच एक छोटा तारा काढला. आमदारांनी कागद दोनदा वाचला, माझ्याकडं पाहिलं आणि सही केली. त्या पाहण्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला.

शिक्षकांच्या खोलीत मी ही बातमी कुणालाही न विचारता सांगितली. आता मुंबईचं सचिवालय कसं हादरेल, यावर मधल्या सुट्टीत मी थोडं बोललोही. नागपूरचं अधिवेशन संपलं आणि छापील उत्तर आलं. माझा प्रश्न तिथल्या कुणीतरी पिळून वाळत घातला होता. मायभूमी गेली, मोती गेले, हृदय गेलं, तारा तर गेलाच. उरलं होतं ते असं: 'वाशी येथील पाझर तलावाच्या कामात गैरव्यवहार होत आहे, हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कारवाई केली?' पहिल्याचं उत्तर होतं, 'हे खरे नाही.' दुसऱ्याचं होतं, 'प्रश्न उद्भवत नाही.'

मुख्याध्यापकांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि परत करताना शांतपणे विचारलं, "सर, ते हृदयाचं काय झालं?" त्यानंतर महिनाभर मी मधल्या सुट्टीत वह्या तपासण्याचा उद्योग घेतला.

आमदारांना मात्र काही वाटलेलं दिसलं नाही. मी तोंड पाडून माडीवर गेलो तेव्हा ते शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मूठभर माझ्यापुढं सरकवल्या. "मास्तर, तुम्ही त्यांना व्हय का न्हाय एवढंच इच्यारलं. ते न्हाय म्हणले. आता असं इच्यारा की न्हाय म्हणताच येऊ नये." मग म्हणाले, "तुम्ही तलाव बघितलाय का?"

मी पाहिलेला नव्हता. गावापासून सायकलीवर अर्ध्या तासाची वाट होती, आणि मी शाळेच्या खिडकीत बसून त्या तलावावर सचिवालय हलवायला निघालो होतो.

पुढच्या रविवारी गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला, नवी वही घेतली. माळावर तलावाचा भराव चढत होता. माणसं खोदत होती, बायका डोक्यावर पाट्या घेऊन रांगेनं वर जात होत्या आणि रिकाम्या पाट्या घेऊन उतरत होत्या. धूळ एवढी की माझा शर्ट दहा मिनिटांत कामावर रुजू झाला. मुकादमाला काही विचारायचं धैर्य होईना. एका बाजूला दोन बाभळी होत्या. त्यांच्या फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या, त्यांत तान्ही पोरं, आणि खाली थोडी मोठी पोरं मातीत बसलेली. त्यांच्यामध्ये एक चाळिशीची बाई होती. आया कामावर असताना पोरं सांभाळायची, हेच तिचं काम. गावातल्या बौद्ध वस्तीतली होती. तिचा नवरा त्याच कामावर दगड फोडत होता. सगळे तिला मावशी म्हणत.

मी जवळ जाऊन वही उघडली आणि विचारलं, मावशी, इथं भ्रष्टाचार कुठं चालतो? तिनं आधी मला सावलीत बसायला सांगितलं. सावली म्हणजे बाभळीची, निम्मी ऊन असलेली. मग मी कोण, कशासाठी आलो हे विचारून घेतलं. मी ऐटीत माझा पहिला प्रश्न तिला वाचून दाखवला. तिनं एक झोळी हलवत सगळा ऐकला.

"ह्यातलं अभागी कोण म्हणायचं?"

"म्हणजे... तुम्ही सगळे," मी म्हणालो.

"मी हितं कामाला हाय, गुरुजी. काम करते, मजुरी घेते. अभागी कशापायी?"

मी वहीत उगीच तारीख लिहिली. तिला माझी दया आली असावी, कारण तिनं आपणहून सांगायला सुरुवात केली. अकरा तान्ही पोरं होती. ऊन चढलं की बाभळीची सावली सरकते, मग एकेक झोळी सोडून दुसऱ्या फांदीला बांधावी लागते आणि काटे मोडतात. ताडपत्री येणार असं दिवाळीपासून ऐकत होते, ती आली नव्हती. प्यायच्या पाण्याला एकच रांजण होता. आणि परवा मोठे साहेब पाहणीला आले तेव्हा कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरशियरनं त्यांना पोरांसाठी पाळणे आल्याचं सांगितलं होतं.

"मी हितंच उभी व्हते. मला तर एक बी दिसला न्हाय. किती आले आन् कुठं हायत, एवढंच इच्यारा की. पर पयली ती ताडपत्री इच्यारा."

तिनं पहिली ताडपत्री सांगितली होती, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. सायकलीवरून परत येताना माझ्या डोक्यात मात्र पाळणाच झुलत होता. ताडपत्रीवर कुणी कधी कविता केल्याचं मला ठाऊक नव्हतं. पाळण्यात करुण रस होता, माता होती, बालक होतं. मी ताडपत्री सोडून दिली.

आमदारांनी या खेपेला माझ्या समोरच मसुद्यावर पेन्सिल चालवली. 'निष्पाप' काढलं, 'चिमुकले' काढलं, 'कोमेजणारे' काढलं. राहिलं ते एवढंच: वाशी येथील पाझर तलावाच्या कामावर मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी किती पाळणे पुरवले, कोणत्या तारखेस पुरवले, आणि ते आज कोठे आहेत? किराणा दुकानाच्या यादीसारखा दिसणारा तो कागद पाहून मला वाईट वाटलं. शिक्षकांच्या खोलीत मी या वेळी अवाक्षर काढलं नाही. संयम वगैरे काही नव्हता, लाज होती.

महिना-दीड महिना गेला. एका रविवारी सकाळी आमच्याच गल्लीत राहणारा एक कारकून घरी आला. दुष्काळी कामांच्या कचेरीत तो हंगामी होता. भला माणूस, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. घाम पुसत म्हणाला, "सर, दोन दिवस तुमचा पाळणा द्या. मुंबईहून तार आलीय. कुण्या रिकामटेकड्या माणसानं विधानसभेत पाळणे इच्यारलेत, आन् साहेब म्हणतात, उद्याच्याला जागेवर पायजेत."

मी चहा पीत होतो. या क्षणी काय करायला हवं होतं ते मला आजही नीट सांगता येतं. मी केलं ते असं: बशीत फुंकर घातली आणि म्हणालो, "कोण असेल बरं?"

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रिकामटेकडा कोण ते तिला माहीत होतं. तो कागद स्वच्छ अक्षरात उतरवताना रात्रीचं जेवण निवल्याबद्दल आमचं थोडं वाजलंही होतं. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि पाळणा कारकुनाच्या हवाली केला. पाळणा तिच्या माहेरचा होता, तेर गावाहून आलेला, सागवानी, कडेला दोन राघू रंगवलेले. कारकून गेल्यावर ती म्हणाली, "अहो, तुमचा पहिला प्रश्न बरा होता. त्यात घरातलं काही गेलं नव्हतं." मग तिनं जुन्या लुगड्याची झोळी बांधली. मुलगी त्यात पाळण्यापेक्षा शांत झोपली, हा मला आणखी एक टोला होता.

दोन दिवसांचे वीस झाले. छापील उत्तर आलं: 'सदर कामावर चार पाळणे पुरविण्यात आले असून ते वापरात आहेत.' तारखेबद्दल त्यात काही नव्हतं. आमदारांनी कागद माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, चला, तुमच्यामुळं चार पाळणे तरी आले. मला राहवलं नाही. त्यातला एक आमच्या घरचा आहे, एक सुताराचा, आणि उरलेले दोन बाजारपेठेतल्या घरांतून मागून नेलेत, असं कारकुनाकडून कळलेलं मी सांगून टाकलं.

ते हसू लागले ते ठसका लागेपर्यंत हसले. पाणी प्यायल्यावर चेहरा गंभीर झाला. मंत्र्यांनी छापील उत्तरात खोटं सांगितलं होतं, बहुधा त्यांना स्वतःलाही न कळता, आणि ते सिद्ध करणारा माणूस समोरच्या पोत्यावर बसला होता. "लेखी देता का, मास्तर?"

मला शाळेची संस्था आठवली, तिचे अध्यक्ष आठवले, हंगामी नोकरीवरचा तो कारकून आठवला. खरं सांगायचं तर कारकून शेवटी आठवला, पण बोलताना मी त्याचंच नाव पुढं केलं. गरीब माणूस आहे, त्याची नोकरी जाईल, मी विचार करून सांगतो. आमदारांना माझा विचार किती दिवस चालेल ते कळलं असावं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तुमची सही नको. त्यांनी तारीख गाळलीय, ती परत इच्यारा. कुणाकडून घेतले, तेवढं जोडा. ज्याची खरेदीच न्हाय त्याची पावती कुठून आणतील? आन् लिहायच्या आधी तिकडं जाऊन या."

मी गेलो. उन्हाळा चांगलाच तापला होता. बाभळीखाली आमचा पाळणा होता आणि राघूच्या पोटावर पांढऱ्या रंगानं 'क्र. ३' लिहिलेलं होतं. आत कुणाचं तरी लेकरू तोंडात मूठ घालून झोपलं होतं. मावशी म्हणाली, सरकारी वस्तूवर कुणी राघू काढीत न्हाय, हा कुणाच्या तरी घरचा दिसतो. मी मान खाली घालून आमच्या घरचा आहे म्हणून सांगितलं. तुमचं लेकरू लहान असेल तर घेऊन जा, ती लगेच म्हणाली. सध्या तो पुरावा आहे, त्यामुळं हलवता येणार नाही, असं मी वकिली थाटात सांगितलं. तिनं पुराव्याला काही महत्त्व दिलं नाही. मला एवढंच विचारलं, "ताडपत्रीचं इच्यारलं व्हतं का?"

नव्हतं विचारलं. तिच्यापुढं ते कबूल करणं मला आमदारांपुढच्या कबुलीपेक्षा जड गेलं. त्या दिवशी तिसरा प्रश्न मी तिथंच बसून लिहिला, आणि प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवली. पाळणे कोणत्या तारखेस व कोणाकडून खरेदी केले? कामावर सावलीसाठी किती ताडपत्र्या पुरवल्या, किती रांजण पुरवले? नसल्यास, का नाहीत? आमदारांनी पेन्सिल हातात घेतली आणि कुठंच न टेकवता ठेवून दिली. त्या प्रश्नाचं उत्तर छापून यायच्या आधीच एका दुपारी मालमोटार तलावावर गेली आणि चार लोखंडी पाळणे, दोन मोठ्या ताडपत्र्या, बांबू आणि दोन रांजण उतरवून आली.

आमचा पाळणा कारकुनानं स्वतः डोक्यावर घेऊन परत आणला. बायकोनं त्याला चहा दिला. 'क्र. ३' रॉकेलनं पुसायचा त्यानं बराच प्रयत्न केला, पण निम्मा राघू निघाला आणि तीन तसाच राहिला.

पुढं उत्तर आलं. लोखंडी पाळण्यांची खरेदीची तारीख त्यात होती, आणि ती आधीच्या उत्तराच्या नंतरची होती. त्याआधीच्या चार पाळण्यांबद्दल लिहिलं होतं, 'तत्पूर्वी वापरात असलेले पाळणे स्थानिक पातळीवर उपलब्ध करून घेण्यात आले होते.' स्थानिक पातळी म्हणजे मी, माझी बायको, सुतार आणि बाजारपेठेतली दोन घरं. पण कागदावर दोन उत्तरं शेजारी शेजारी आली होती आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती. आमदारांनी ती दोन्ही घेऊन खात्याच्या सचिवांची गाठ घेतली. त्यानंतर आमच्या भागातल्या दुसऱ्या कामांवरही ताडपत्र्या पोचल्या. ओव्हरशियरची बदली झाली. ती या प्रश्नामुळं झाली असं मी बरीच वर्षं सांगत होतो. ती आधीच ठरलेली होती असं नंतर कळलं.

शाळेला सुट्टी लागल्यावर मी विजयी मनानं तलावावर गेलो. ताडपत्रीखाली गार सावली होती. बांबूंना आडवी दोरी बांधून मावशीनं सगळ्या झोळ्या तिथं टांगल्या होत्या. पोरं त्यांतच झोपली होती. लोखंडी पाळणे उन्हात एका रांगेत उभे होते, हात लावला तर चटका बसत होता, आणि त्यांत बायकांनी भाकरीची गठुडी ठेवली होती. मावशीनं नव्या रांजणातलं पाणी मला दिलं.

"पाळणं न्हाय आले असते तरी चाललं असतं, गुरुजी. ताडपत्री दोन म्हैने आधी आली असती तर बरं झालं असतं. दोन पोरं उन्हानं लई आजारी पडली मधी."

ती रागानं बोलली नाही. पोरं बरी झाली होती, तेही तिनं सांगितलं. मी पाणी पिऊन भांडं रांजणावर पालथं घातलं. माझ्या करुण रसापायी अकरा लेकरांना दोन महिने काटेरी सावली मिळाली होती, हे मला कुठल्याही भाषेत सजवून सांगता येत नव्हतं.

पुढं चार-पाच वर्षं मी आमदारांचे प्रश्न लिहीत राहिलो. विहिरी, रस्ते, सोसायटीचं बियाणं, वसतिगृहातली अंथरुणं. आधी जाऊन बसायचं, ऐकायचं, आणि जे पहिलं सांगितलं ते पहिलं लिहायचं, एवढं मला जमू लागलं. कविता हळूहळू सुटली. गावानं त्याबद्दल तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

दुष्काळी कामं आटोपत आली त्या सुमारास एका संध्याकाळी तो कारकून पुन्हा आला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग खाली बघत म्हणाला, "सर, तो पाळण्याचा प्रश्न तुम्हीच लिहिला होता ना?"

या वेळी माझ्या हातात चहा नव्हता. मी हो म्हणालो, आणि त्या दिवशी गप्प बसलो ते चुकलं, असंही म्हणालो. मला वाटलं, आता तो उठून जाईल. त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. दुष्काळी कामांवरच्या हंगामी कारकुनांना कामावरून कमी करणार अशी बातमी होती. आमच्यासाठी एक प्रश्न टाकता येईल का, असं त्यानं विचारलं, फक्त आमच्या साहेबांना कळू नये.

मी कागद बाजूला ठेवला, वही घेतली आणि त्याला विचारलं, तुम्ही किती जण आहात, आणि कोणत्या तारखेपासून कामावर आहात. तो आठवून आठवून सांगू लागला. बायकोनं मुलीला मांडीवर घेतलं आणि आमच्याजवळ येऊन बसली.